प्रश्न आपले : आकडा पोहोचतो, एकक कुठे राहते?

गेल्या काही महिन्यांत बेळगाव, हुक्केरी, रायबाग आणि निपाणी भागांतून या सदराकडे आलेल्या पत्रांत एकच अडचण निरनिराळ्या रूपांत वारंवार आली आहे. यंत्रे वेगवेगळ्या कंपन्यांची आहेत, प्रत्येकाची बोली निराळी आहे, त्यांतील पुष्कळशी अगदी तुटपुंज्या स्मृतीवर आणि विजेवर चालतात, आणि वापरणाऱ्याला मात्र सगळे एका ठिकाणी पाहायचे आहे. त्यांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

उद्यमबाग, बेळगाव येथील एक लघुउद्योजक लिहितात : आमच्या कारखान्यात ओतकामाची इंडक्शन भट्टी, दोन कॉम्प्रेसर आणि सहा सीएनसी यंत्रे आहेत. बारा वीजमीटर आरएस-४८५ या औद्योगिक जोडणीच्या तारांनी जोडलेले आहेत, भट्टीचा तापमान नियंत्रक दुसऱ्या कंपनीचा आहे आणि गेल्या वर्षी बसवलेले कंपन मोजणारे सेन्सर वायफायवर चालतात. तिघांची तीन ॲप आहेत. एका विक्रेत्याने सर्व काढून एकाच कंपनीचे बसवा असे सुचवले आहे. ‘मिडलवेअर’ हा शब्दही त्यांच्याकडूनच ऐकला. ते नेमके काय असते आणि आमच्या आकाराच्या कारखान्याला ते झेपेल का?

उत्तर : चालू स्थितीतील मीटर काढून टाकण्याची काहीही गरज नाही. आपले मीटर बहुधा मॉडबस नावाची पद्धत बोलतात. ती मॉडिकॉन कंपनीने १९७९ साली आपल्या नियंत्रकांसाठी आणली आणि आजही ती जगभरच्या कारखान्यांत वापरात आहे, कारण ती अत्यंत साधी आहे. एक मालक यंत्र विचारते, ‘अमुक क्रमांकाच्या मीटरा, तुझ्या अमुक कप्प्यापासून दहा कप्प्यांतील आकडे सांग’, आणि तो मीटर तेवढे आकडे सांगून गप्प बसतो. या कप्प्यांना रजिस्टर म्हणतात. प्रत्येक रजिस्टर १६ बिटचे असते, म्हणजे त्यात ० ते ६५५३५ एवढाच पूर्णांक मावतो. तो आकडा व्होल्टचा आहे की अँपिअरचा, दशांशचिन्ह कुठे द्यायचे आणि तो केव्हाचा आहे, यांपैकी काहीही त्या संदेशात नसते. ते मीटरसोबत आलेल्या छापील पत्रकात असते, आणि ते पत्रक बहुतेक कारखान्यांत पॅनेल बसवणाऱ्या माणसाबरोबर निघून गेलेले असते.

मिडलवेअर म्हणजे यंत्रे आणि आपला संगणक यांच्यामध्ये बसणारा असा प्रोग्राम, जो प्रत्येक यंत्राशी त्याच्या पद्धतीने बोलतो, मिळालेल्या आकड्याला त्याचा अर्थ पुन्हा जोडतो आणि पुढे सर्वांना एकाच पद्धतीने सांगतो. यातील मधले काम सर्वांत महत्त्वाचे आहे असे माझे ठाम मत आहे, कारण आकडे इकडून तिकडे नेणे आता सोपे झाले आहे आणि खरा घोटाळा अर्थ हरवल्यामुळे होतो.

आपल्या सीमाभागात हे समजावून सांगायला दूर जावे लागत नाही. ज्या शेतकऱ्याची जमीन हद्दीच्या दोन्ही बाजूंना आहे त्याच्याकडे इकडचा, म्हणजे कर्नाटकाचा, आरटीसी उतारा असतो आणि तिकडचा, महाराष्ट्राचा, सातबारा असतो. इकडच्या उताऱ्यावर क्षेत्र १-२० असेल तर ते एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर. तिकडच्या सातबाऱ्यावर १.२० असेल तर ते एक हेक्टर वीस आर, म्हणजे जवळपास तीन एकर. अंक तेच, क्रम तोच, जमीन मात्र दुप्पट. स्तंभावर काय लिहिले आहे ते न पाहता दोन्ही आकडे एका वहीत उतरवणारा कारकून जी चूक करील, नेमकी तीच चूक एकक न पाहता सर्व यंत्रांचे आकडे एका पडद्यावर आणणारा प्रोग्राम करतो.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे येतो. मीटरच्या पॅनेलजवळ एक छोटा संगणक, ज्याला गेटवे म्हणतात, बसवावा. रास्पबेरी पाय या एका बोर्डवरच्या संगणकाच्या आकाराचा, पण शक्यतो औद्योगिक पेटीतला घ्यावा, कारण ओतकामाच्या खात्यातील धूळ आणि उष्णता उघडे बोर्ड फार दिवस सहन करत नाहीत. त्याला यूएसबीतून आरएस-४८५ मध्ये रूपांतर करणारा जोड लावला की बाराही मीटर त्याच्या हाती येतात. तार पिळाची आणि कवच असलेली असावी, तिच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध असावा आणि ती भट्टीच्या वीजवाहिनीला लागून कधीही नेऊ नये. या पद्धतीत सुमारे १२०० मीटर अंतर चालते, त्यामुळे आपल्या शेडमध्ये अंतराची चिंता नाही. मात्र मॉडबसच्या या प्रकारात एका तारेवर प्रश्न विचारणारा एकच असतो. जुन्या विक्रेत्याची पेटी आणि नवा गेटवे दोघेही त्याच तारेवर विचारू लागले तर उत्तरे एकमेकांत मिसळतील आणि दोष मीटरवर येईल.

वेगाबद्दल आपण स्वतंत्रपणे विचारलेले नाही, पण ‘जुनी पद्धत मंद आहे’ असे विक्रेत्याने सांगितल्याचा उल्लेख पत्रात आहे, म्हणून हिशेब देतो. दहा रजिस्टरे मागणारा प्रश्न ८ बाइटचा आणि उत्तर २५ बाइटचे असते. एकूण ३३ बाइट, प्रत्येकी ११ बिट, म्हणजे ३६३ बिट. सेकंदाला ९६०० बिट या सर्वसाधारण वेगाने त्यास ३८ मिलिसेकंद लागतात. मीटरने उत्तर देण्याआधी घेतलेला वेळ आणि दोन संदेशांमधील सक्तीची शांतता धरून आपण प्रत्येकी १०० मिलिसेकंद मानले तरी बारा मीटरांची फेरी सव्वा सेकंदात पुरी होते. वीजवापराच्या नोंदीला मिनिटातून एक फेरी पुरेशी असते.

गेटवेवर मॉस्किटो हा मोफत आणि हलका ब्रोकर चालवावा आणि त्याच्यासोबत रूपांतर करणारा प्रोग्राम ठेवावा. त्यासाठी नोड-रेडसारखे चित्ररूप साधनही चालते. ब्रोकर म्हणजे टपालकचेरी : मीटर, भट्टी आणि कंपनसेन्सर यांचे संदेश तेथे येतात आणि ज्याला जे हवे ते त्याला मिळते. आपले वायफाय सेन्सर एमक्यूटीटी नावाची जी पद्धत वापरत असण्याची दाट शक्यता आहे ती याच कल्पनेवर उभी आहे. तेलवाहिन्यांवरील दूरच्या उपकरणांची माहिती महागड्या उपग्रह संपर्कातून कमीत कमी बाइटमध्ये आणता यावी म्हणून अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी ती १९९९ मध्ये तयार केली. भट्टीच्या नियंत्रकालाही मॉडबसचे टोक आहे का ते त्याच्या पाठीमागच्या पट्टीवर पाहावे. पुष्कळांना ते असते आणि कोणीच वापरत नाही.

रूपांतराच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक मीटरसाठी एक तक्ता असावा : रजिस्टरचा क्रमांक, त्याचे नाव, एकक, गुणक आणि आकड्याचा प्रकार. यात दोन खाचखळगे ठरलेले आहेत. पहिला असा की पत्रकात ४०००१ असा जो क्रमांक छापलेला असतो तो तारेवर ० म्हणून जातो. हा एकाचा फरक लक्षात आला नाही तर व्होल्टच्या जागी शेजारच्या कप्प्यातील भलतेच काही वाचले जाते. दुसरा खळगा मी स्वतः भोगला आहे. एका कारखान्यात मीटर जोडल्यावर व्होल्टेजच्या जागी आठवडाभर शून्य येत होते. मी तार बदलली, जोड बदलला, मीटरही सदोष ठरवून परत पाठवण्याच्या बेतात होतो. दोष वेगळाच निघाला. दशांशातील आकडा ३२ बिटचा असल्याने तो दोन रजिस्टरांत विभागलेला असतो, आणि कोणता अर्धा आधी ठेवायचा हे मॉडबसमध्ये ठरवून दिलेले नाही. २३०.५ हा आकडा सोळा-आधारी लिपीत ४३६६ ८००० असा साठवला जातो. दोन्ही अर्ध्या भागांची अदलाबदल होऊन तो ८००० ४३६६ असा वाचला की त्याची किंमत इतकी सूक्ष्म होते की पडद्यावर शून्यच दिसते. मीटर खरे बोलत होता, मी उलटे वाचत होतो. म्हणून तक्त्यातील प्रत्येक ओळ मीटरच्या स्वतःच्या पडद्यावरील आकड्याशी हाताने ताडून पाहिल्याशिवाय ती खरी मानू नये. बारा मीटरांना अर्धा दिवस लागेल, आणि तो अर्धा दिवस द्यावाच.

पुढे पाठवताना आकड्यासोबत नाव, एकक आणि वेळ हे तिन्ही जाऊ द्यावे. यासाठी स्वतःची पद्धत शोधण्याची गरज नाही. सेन्सरच्या मोजमापांसाठी सेनएमएल नावाचे प्रमाणित रूप २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले असून ते नेमके याच गोष्टींसाठी आहे. कंपनसेन्सरबद्दल एवढेच सांगतो की त्यांचे सेकंदाला हजारो नमुने ब्रोकरवर ओतू नयेत. सेन्सरमध्येच काढलेली कंपनाची सरासरी तीव्रता आणि कमाल मूल्य एवढेच पाठवावे.

हुक्केरी तालुक्यातील एका दूध संकलन केंद्राचे सचिव लिहितात : आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक वजनकाटा, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घन घटक) मोजणारे यंत्र आणि संगणक आहे. हिशेब इंटरनेटवरून वर जातो. पावसाळ्यात संपर्क तासन्‌तास जातो आणि आल्यावर काही नोंदी दोनदा लागतात. मध्यंतरी एका उत्पादकाच्या खात्यावर सकाळचे दूध दोनदा चढले, आणि ते वजा करताना वाद झाला. शिवाय काट्यावरचे दूध आणि बिलातले दूध यांत नेहमी थोडा फरक राहतो. उत्पादक आमच्यावर संशय घेतात. उपाय काय?

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले, कारण यात यंत्रापेक्षा विश्वासाचा प्रश्न मोठा आहे. पहाटे कॅन घेऊन येणाऱ्या माणसाच्या पैशाचा हा हिशेब आहे आणि तो त्याला पटेल असाच असला पाहिजे. आपल्या दोन तक्रारींची कारणे अगदी वेगळी आहेत.

दुबार नोंदीचे कारण असे. एमक्यूटीटीमध्ये संदेश पोहोचवण्याच्या तीन पातळ्या आहेत. शून्य पातळीवर संदेश एकदा पाठवला जातो, पोहोचला तर पोहोचला. पहिल्या पातळीवर पोच मिळेपर्यंत तो पुन्हा पाठवला जातो. आपला संदेश वर पोहोचला, पण पोच परत येताना संपर्क तुटला, तर आपला संगणक तो पुन्हा पाठवतो आणि वर तो दुसऱ्यांदा लागतो. म्हणजे ही पातळी ‘किमान एकदा’ याची हमी देते, ‘एकदाच’ याची देत नाही. दुसऱ्या पातळीवर ‘एकदाच’ची हमी आहे, पण ती आपला संगणक आणि ब्रोकर यांच्यापुरती, त्यापुढे हिशेबाच्या वहीत काय होते यावर तिचा अधिकार चालत नाही. साध्या वेब विनंत्यांनी माहिती पाठवणाऱ्या प्रणालीतही हाच पेच असतो.

म्हणून उपाय नोंदीतच असला पाहिजे. वजन झाले त्या क्षणी केंद्राचा संकेतांक, तारीख, सकाळ की संध्याकाळ, उत्पादकाचा क्रमांक आणि त्या पाळीतील अनुक्रमांक यांपासून एक कायमचा नोंदक्रमांक तयार व्हावा, आणि तो कितीही वेळा पाठवला तरी बदलू नये. वरच्या संगणकाने तो क्रमांक आधी आलेला असेल तर दुसरी नोंद न करता केवळ पोच द्यावी. अशा व्यवस्थेत संपर्क दहा वेळा तुटला तरी दूध एकदाच लागते. केंद्रातील संगणकाने पोच आलेली नसलेली प्रत्येक नोंद आपल्या डिस्कवर जपून ठेवावी. स्मृतीत ठेवलेली रांग वीज गेली की नाहीशी होते, हे विक्रेत्याकडून स्पष्टपणे विचारून घ्यावे.

वेळेचीही काळजी घ्यावी. नोंदीवरील वेळ वजनाची असावी, वर पोहोचल्याची नव्हे. नाहीतर सकाळचे दूध दुपारी संपर्क आल्यावर संध्याकाळच्या पाळीत पडते. अनेक स्वस्त सिंगल-बोर्ड संगणकांत बटणसेलवर चालणारे घड्याळ नसते. वीज जाऊन आल्यावर ते जुन्याच वेळेपासून सुरू होतात आणि इंटरनेट मिळेपर्यंत चुकीची वेळ दाखवतात. घड्याळाची वेगळी चिप लावून घेतली की हा दोष जातो.

आता दुसरी तक्रार. आपला काटा किलो दाखवतो आणि बिल लिटरचे निघते. दुधाची घनता पाण्यापेक्षा किंचित जास्त, लिटरला साधारण १.०३ किलो असते. म्हणजे १० किलो दूध हे सुमारे ९.७ लिटर भरते. एका पाळीला ५०० किलो दूध आले तर ते जवळपास ४८५ लिटर होते, आणि मधल्या कोणत्याही प्रोग्रामने किलोलाच लिटर मानले तर एका पाळीत सुमारे १५ लिटरचा फरक पडतो. तो कोणाच्या बाजूने पडतो हे भाव कशाचा लावला आहे यावर अवलंबून आहे. आपल्या प्रणालीत हे रूपांतर कुठे होते, एकदा होते की दोनदा, आणि कोणत्या गुणकाने होते, हे तिन्ही प्रश्न पुरवठादाराला लेखी विचारावेत. माझा आग्रह असा आहे की काट्याने दिलेले किलो जसेच्या तसे कायम जपावे, रूपांतर एकाच ठिकाणी करावे आणि उत्पादकाच्या पावतीवर किलो, गुणक आणि लिटर हे तिन्ही छापावे. पावती दोन ओळींनी वाढेल, पण त्या दोन ओळींनंतर कोणाला संशय घ्यायला जागा उरणार नाही.

काट्याबद्दल आणखी एक गोष्ट. काट्याच्या मागील तारेतून आकडे सतत वाहत असतात, आणि पुष्कळ काट्यांत प्रत्येक आकड्यासोबत वजन स्थिर आहे की अजून हलते आहे, तसेच ते कॅनसह आहे की निव्वळ आहे, याच्या खुणा असतात. मधला प्रोग्राम त्या खुणा न वाचता पहिला मिळेल तो आकडा उचलत असेल तर दूध ओतताना उसळलेले वजन नोंदले जाईल.

रायबाग तालुक्यातील, कृष्णाकाठच्या एका उपसा जलसिंचन संस्थेचे संचालक लिहितात : जॅकवेलपासून शेवटचे शेत तीन किलोमीटरवर आहे. आठ ठिकाणी जमिनीतील ओलावा मोजायचा आहे. सखल भागात मोबाईलची रेंज नाही. तसेच थ्री फेज वीज रात्री-अपरात्री येते, म्हणून मोटार मोबाईलवरून चालू-बंद करता यावी अशी सभासदांची मागणी आहे. काय निवडावे?

उत्तर : ओलाव्यासाठी लोरावॅन ही थोडी माहिती कमी विजेत दूरवर नेणारी बिनतारी पद्धत योग्य राहील. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेत परवान्याशिवाय प्रसारण करता येते आणि लोरावॅनचा भारतीय पट्टा हाच आहे. जॅकवेलजवळच्या उंच टाकीवर एक गेटवे बसवला आणि दृष्टिरेषा मोकळी असली की तीन किलोमीटर कठीण नाहीत. मात्र आपल्याकडे ऊस आहे. उन्हाळ्यात खोडव्यावर गुडघाभर उंचीत चाचणी घेऊन अँटेना दोन मीटरवर लावली, तर पावसाळ्यानंतर तीन मीटर उंचीच्या ओल्या उसात तीच अँटेना बुडते. खांब उसाच्या पूर्ण वाढीच्या वर निघेल असाच लावावा.

या पद्धतीत संदेश फार लहान ठेवावा लागतो. सर्वांत मंद, म्हणजे सर्वांत लांब पोहोचणाऱ्या वेगाला एका संदेशात ५१ बाइटच मावतात. शेताचे नाव, ओलावा, तापमान आणि बॅटरी ही चार मूल्ये इंग्रजी नावांसह जेसन या नेहमीच्या रूपात लिहिली तर मी मोजलेल्या एका नमुन्यात ५७ बाइट झाले. म्हणजे तो संदेश जाणारच नाही. तीच मूल्ये सीबोर या द्विमान रूपात, नावे वगळून, ११ बाइटमध्ये बसतात. ओलावा ३१.४ ऐवजी ३१४ असा पूर्णांक करून प्रत्येक मूल्याला दोन बाइट आणि सुरुवातीला आवृत्तीचा एक बाइट दिला तर ७ बाइट पुरतात, कारण कोणते उपकरण बोलते आहे हे लोरावॅनच्या पाकिटावर आधीच लिहिलेले असते. त्या सर्वांत मंद वेगाला ५१ बाइटचा संदेश हवेत सुमारे २.८ सेकंद राहतो, ११ बाइटचा १.५ आणि ७ बाइटचा १.३ सेकंद. प्रसारण चालू असतानाच बॅटरी सर्वाधिक खर्च होते, म्हणून सेल किती वर्षे टिकेल हे मुख्यतः याच निर्णयावर ठरते.

पण सात बाइटमध्ये एकक नाही, नाव नाही, काही नाही. अर्थ उपकरणातून काढून गेटवेकडे सोपवला आहे, आणि म्हणून तो तेथे नीट नोंदलेला असलाच पाहिजे. कोणत्या आवृत्तीत कितवा बाइट काय सांगतो हे कागदावर लिहून संस्थेच्या दप्तरात ठेवावे, आणि उलगडा करणारा प्रोग्राम करारानेच संस्थेच्या ताब्यात घ्यावा. माझ्या ओळखीच्या एका शेतात पुरवठादाराने व्यवसाय बंद केला, सेन्सर पुढे दीड वर्ष इमानाने बाइट पाठवत राहिले, आणि त्यांचा अर्थ सांगणारे कोणी उरले नव्हते. उपकरणे चांगली असूनही फेकून द्यावी लागली, याचे मला आजही वाईट वाटते.

मोटारीबद्दल मात्र सावध करतो. एमक्यूटीटीमध्ये शेवटचा संदेश ब्रोकरकडे राखून ठेवण्याची सोय आहे. नव्याने जोडल्या जाणाऱ्या उपकरणाला तो लगेच मिळतो. ओलाव्याच्या आकड्याला ही सोय उत्तम आहे. ‘मोटार सुरू कर’ या आज्ञेला ती जीवघेणी ठरू शकते. संध्याकाळी कोणी आज्ञा दिली, तेव्हा वीज नव्हती. रात्री दोनला वीज आली, नियंत्रक जोडला गेला, राखून ठेवलेली आज्ञा त्याला मिळाली आणि मोटार सुरू झाली, आणि त्या वेळी कोणी माणूस फूटव्हॉल्व्हपाशी किंवा उघड्या पेटीपाशी असेल. म्हणून आज्ञा कधीही राखून ठेवू नयेत. प्रत्येक आज्ञेला मुदत असावी, आणि ती उलटल्यावर नियंत्रकाने आज्ञा नाकारावी. एमक्यूटीटीच्या २०१९ मध्ये प्रमाणित झालेल्या पाचव्या आवृत्तीत संदेशाला मुदत घालण्याची सोय आहे. तरीही नियंत्रकाने स्वतःची तपासणी करावीच. ‘मोटार सुरू आहे’ हे उत्तर रिले (विजेवर चालणारा स्विच) चिकटली यावरून देऊ नये. तिन्ही फेजमध्ये प्रत्यक्ष वाहणारा करंट मोजून द्यावे. आणि स्टार्टरजवळ हाताने फिरवायचा असा एक स्विच असावा, जो बंद असताना मोबाईलवरून काहीही सुरू होणार नाही.

बेळगाव येथील पदविका अभ्यासक्रमाचा एक विद्यार्थी विचारतो : माझ्या प्रकल्पात आर्डुइनो उनो या छोट्या नियंत्रक-बोर्डवर मिडलवेअर बसवायचे आहे. एमक्यूटीटी वापरू की कोॲप ही दुसरी संदेशपद्धत?

उत्तर : आधी तुझ्या हातातील उपकरणाची कुवत पाहा. उनोच्या आर३ आवृत्तीवरील चिपमध्ये २ किलोबाइट रॅम (चालू कामाची स्मृती) आणि ३२ किलोबाइट फ्लॅश (प्रोग्राम साठवण्याची स्मृती) आहे. इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या मंडळींनी २०१४ मध्ये आरएफसी ७२२८ या दस्तऐवजात अशा तुटपुंज्या उपकरणांचे वर्ग केले. पहिल्या वर्गात सुमारे १० किलोबाइट रॅम आणि १०० किलोबाइट फ्लॅश, दुसऱ्या वर्गात सुमारे ५० आणि २५०, आणि त्याहून पुष्कळ खालचे सर्व शून्य वर्गात. तुझे उनो शून्य वर्गातले आहे. या वर्गातील उपकरणाने इंटरनेटशी स्वतः सुरक्षितपणे बोलावे अशी अपेक्षाच नसते. त्याच्यासाठी मोठ्या उपकरणाने बोलावे. इंटरनेटवरील संदेश गुप्त ठेवणाऱ्या नेहमीच्या टीएलएस सुरक्षेत संदेशाचा एक तुकडा १६ किलोबाइटपर्यंत असू शकतो, म्हणजे तुझ्या सबंध रॅमच्या आठपट.

म्हणून उनोने सेन्सर वाचावा आणि सीरियल तारेवरून एक छोटा संदेश द्यावा. शेजारी ५२० किलोबाइट रॅम असलेले ईएसपी३२ हे मोठ्या कुवतीचे नियंत्रक ठेव आणि मिडलवेअर त्यावर लिही. त्या पातळीवर तुझा प्रश्न खरोखर उभा राहतो. एमक्यूटीटीचा मथळा, म्हणजे संदेशाचा आरंभीचा भाग, दोन बाइटपासून सुरू होतो, पण ते टीसीपी या आधी जोडणी करून बोलण्याच्या पद्धतीवर चालते, म्हणून जोडणी सतत जिवंत ठेवावी लागते. कोॲपचा मथळा चार बाइटचा असला तरी ते यूडीपी या जोडणी न करता संदेश पाठवण्याच्या पद्धतीवर चालते. बोलायचे तेव्हा बोलून उपकरण झोपू शकते. अनेक ठिकाणी एकच माहिती पोहोचवायची असेल तर एमक्यूटीटी घे. एखाद्या उपकरणाला अधूनमधून काही विचारायचे असेल आणि बॅटरी वाचवायची असेल तर कोॲप घे. मूल्य बदलले की आपणहून कळवण्याची सोय कोॲपमध्ये २०१५ पासून आहे.

उनोच्या प्रोग्राममध्ये स्थिर मजकूर फ्लॅशमध्येच ठेव आणि चालू असताना स्मृती मागणारे स्ट्रिंगचे प्रकार टाळ. दोन किलोबाइट रॅममध्ये मोकळ्या जागेचे तुकडे पडायला वेळ लागत नाही, आणि मग तासाभराने यंत्र विनाकारण थांबते. प्रकल्पाच्या परीक्षेत तुझे मिडलवेअर खरे आहे हे दाखवायचे असेल तर परीक्षकांसमोर एक सेन्सर काढून दुसऱ्या कंपनीचा, वेगळ्या एककात बोलणारा सेन्सर लाव आणि पडद्यावरील प्रोग्रामला हात न लावता आकडा बरोबर येतो हे दाखव.

निपाणी येथील एक वाचक विचारतात : तंबाखूच्या गोदामात आर्द्रता मोजणारी यंत्रे बसवली आहेत. ती इंटरनेटवर असल्याने धोका आहे का?

उत्तर : यंत्रांसोबत आलेला पासवर्ड अजून तोच असेल तर आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामने जगभरातील कॅमेरे आणि राउटर केवळ कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून ताब्यात घेतले आणि त्यांच्याच बळावर मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली. पासवर्ड आजच बदलावा. ब्रोकरला नाव आणि पासवर्डाशिवाय कोणी जोडू शकत असेल तर ते बंद करावे, आणि राउटरवर बाहेरून आत येणारा मार्ग उघडला असेल तर तो मिटवावा. आपली यंत्रे मॉडबस बोलत असतील तर ती तार किंवा तिचा इंटरनेटवरील अवतार कधीही थेट बाहेर उघडा ठेवू नये, कारण मूळ मॉडबसमध्ये पासवर्ड विचारण्याची पद्धतच नाही. जो विचारील त्याला ते उत्तर देते, आणि जो लिहील त्याचे ते ऐकते.